सूडाचं वर्ष: नाशिक, लंडन आणि १९०९

जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. त्यांनी कवितांची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. त्या कवितांबद्दल सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचं कलम तर लावलंच, शिवाय बादशहाविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याचं १२१ वं कलमही लावलं, आणि न्यायालयाने ते मान्य केलं. मालमत्ता जप्त झाली, घरातली चीजवस्तू गेली. बाबारावांची पत्नी, जिला सारं नाशिक येसूवहिनी म्हणून ओळखत होतं, ती एका दिवसात निराधार झाली. नवरा अंदमानातून परत येण्याआधीच ती वारली; दोघांची पुन्हा गाठ पडली नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी शिक्षा कायम केली.

अन्याय इतका उघड असताना त्याचा सूड घ्यावासा वाटणं यात अनैसर्गिक काही नाही. सूड योग्य की अहिंसा, ही चर्चा आपल्याकडे बहुधा हवेत होते. एका बाजूला गीतेतला अर्जुन, दुसऱ्या बाजूला बुद्ध, आणि मध्ये बोलणाऱ्याची आवड. १९०९ साली मात्र ही चर्चा हवेत नव्हती. नाशिक, लंडन, अहमदाबाद आणि आफ्रिकेकडे निघालेलं एक जहाज यांच्यामध्ये ती सहा-सात महिने खऱ्या माणसांच्या आयुष्यात चालली. काहींनी पिस्तुलाने उत्तर दिलं, एकाने पुस्तकाने. दोघांचीही किंमत आपण पुढची चाळीस वर्षं मोजत होतो, म्हणून तो घटनाक्रम नीट लावून बघायला हवा.

सुरुवात थोडी मागून करावी लागते. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून जी विटंबना केली, तिचा हा सूड होता. पण त्या रात्री पहिली गोळी लागली ती लेफ्टनंट आयर्स्टला. अंधारात बग्गी ओळखण्यात चूक झाली आणि ज्याच्याशी कुणाचं वैर नव्हतं तो जागीच मेला. रँड पुढे काही दिवसांनी गेला. दामोदर चापेकरांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी झाली, पाठोपाठ त्यांच्या दोन्ही भावांना. बाबारावांचा धाकटा भाऊ, भगूरमधला चौदा-पंधरा वर्षांचा विनायक सावरकर, या बातमीने पेटून उठला आणि त्याने कुलदेवतेसमोर शपथ घेतली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

अकरा वर्षांनी मुजफ्फरपूरला पुन्हा तेच झालं. ३० एप्रिल १९०८ रोजी खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मॅजिस्ट्रेट किंग्जफोर्डची समजून एका बग्गीवर बाँब टाकला. किंग्जफोर्ड त्या गाडीत नव्हता. आत होत्या दोन स्त्रिया, प्रिंगल केनेडी नावाच्या बॅरिस्टरची बायको आणि मुलगी. दोघी मेल्या. हा केनेडी काँग्रेसच्या राजकारणाशी सहानुभूती असलेला माणूस होता. प्रफुल्ल चाकींनी पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि खुदीराम ऑगस्टमध्ये फासावर गेले तेव्हा त्यांचं वय अठराच्या आसपास होतं. या प्रकरणावर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांबद्दल जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. सरकारच्या दडपशाहीला लगाम नव्हता आणि तिला जाब विचारणारी सनदशीर वाट रोज अरुंद होत होती. बाबारावांची शिक्षा या मालिकेतली पुढची होती.

ती बातमी लंडनला पोचली तेव्हा विनायकराव सावरकर हायगेटमधल्या 'इंडिया हाऊस'भोवती जमलेल्या तरुणांचे पुढारी होते. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ च्या १ जुलैला उघडलेलं हे वसतिगृह. खुद्द श्यामजी पोलिसांचा ससेमिरा चुकवून १९०७ मध्ये पॅरिसला गेले होते. इंडिया हाऊसमध्ये उठबस असलेल्या मुलांत अमृतसरचे मदनलाल धिंग्रा होते. वडील सिव्हिल सर्जन, घर सुखवस्तू आणि पक्कं राजनिष्ठ. मुलगा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता आणि भलत्या संगतीत पडतो आहे, या काळजीने घरच्यांनी भारतमंत्र्यांच्या कचेरीतल्या सर विल्यम कर्झन वायली यांना पत्र लिहिलं. वायलीने मुलाला पत्र धाडून मदतीचा हात पुढे केला. या घरगुती काळजीने वायली मदनलालच्या डोळ्यांपुढे आला, हे वाचताना मन चरकतं.

१ जुलै १९०९. त्या संध्याकाळी धिंग्रा टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या ठिकाणी गेले. तिथे ते गेले काही महिने नेम धरायला येत असत. बारा गोळ्या झाडल्या, बहुतेक निशाण्यावर बसल्या. रात्री साउथ केन्सिंग्टनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये, जहांगीर हॉलमध्ये, नॅशनल इंडियन असोसिएशनचं स्नेहसंमेलन होतं. हिंदी विद्यार्थी आणि हिंदुस्थानात नोकरी केलेले साहेब एकत्र यावेत म्हणून भरवलेला मेळावा. गाणं-बजावणं संपून लोक पांगू लागले, तेव्हा धिंग्रा वायलीशी दोन शब्द बोलले आणि त्यांनी अगदी जवळून त्याच्या चेहऱ्यावर गोळ्या झाडल्या.

शांघायमध्ये दवाखाना चालवणारे पारशी डॉक्टर कावस लालकाका मध्ये धावले. दोन गोळ्या त्यांना लागल्या आणि तेही मेले. हा माणूस सत्तेचा नोकर नव्हता की कुणाचा वैरी नव्हता. समोर एकाला मारताहेत म्हणून धावला, एवढंच. खटल्यात धिंग्रांनी सांगितलं की, डॉक्टरांना मारायचा त्यांचा विचार नव्हता. ते अंगावर आले म्हणून स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडली. धिंग्रांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. लालकाकांचं नाव त्यात एखाद्या वाक्यात येतं आणि जातं. सूडाच्या प्रत्येक कथेत असा एक माणूस असतो: पुण्यात आयर्स्ट, मुजफ्फरपुरात केनेडी मायलेकी, लंडनमध्ये लालकाका. त्याला अपवाद म्हणावं असं मला वाटत नाही. घाई, अंधार, गर्दी आणि पक्की खूणगाठ बांधलेलं मन एकत्र आलं की, तो माणूस मरणारच.

आपण हे का केलं, ते धिंग्रांनी लपवलं नाही. त्यांच्या खिशात सापडलेल्या निवेदनाचा सारांश असा: देशभक्त हिंदी तरुणांना दिलेल्या अमानुष फाशी आणि काळ्या पाण्याच्या शिक्षांचा हा आपल्या परीने घेतलेला सूड आहे. कोर्टात त्यांनी वकील घेतला नाही. जर्मनांनी इंग्लंड व्यापलं असतं तर त्यांच्याशी लढणं जसं इंग्रजाला देशभक्तीचं वाटलं असतं, तसंच मलाही वाटतं, हा त्यांचा युक्तिवाद. २३ जुलैला एका दिवसात खटला आटोपला. १७ ऑगस्टला पेन्टनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी दिलं. सरकारने दाबून ठेवलेलं निवेदन त्याच सुमारास 'डेली न्यूज'मध्ये छापून आलं. वडिलांनी मुलाशी नातं तोडल्याचं आधीच जाहीर केलं होतं. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, परक्या देशात, घराने टाकलेला हा तरुण ज्या शांतपणे फासावर गेला, त्याने त्याचे शत्रूही थरारले.

खुनानंतर चार दिवसांनी, ५ जुलैला, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये निषेधसभा भरली. अध्यक्ष आगाखान. धिंग्रांचा सख्खा भाऊही निषेध करायला हजर होता. ठराव एकमताने मंजूर झाल्याचं जाहीर होताच सावरकर उठून म्हणाले की, एकमताने नाही, मी विरोधात आहे. पामर नावाच्या एकाने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला, चष्मा फुटला, रक्त वाहू लागलं. सावरकरांच्या बाजूला उभ्या असलेल्या तिरुमलाचारींनी पामरच्या डोक्यात काठी घातली. हिंसेच्या निषेधाची सभा मारामारीत संपली.

याच आठवड्यात, १० जुलैला, दक्षिण आफ्रिकेहून मोहनदास गांधी लंडनला उतरले. वय चाळिशीला टेकलेलं. ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांवर लादलेल्या नोंदणी कायद्याविरुद्ध ब्रिटिश सरकारकडे दाद मागायला हाजी हबीब यांच्यासह ते आले होते. धिंग्रांच्या कृत्याने त्यांच्या कामावर थेट पाणी पडलं, कारण हिंदी माणूस म्हटला की लंडनमधले लोक आता पिस्तूल आठवू लागले होते. पण गांधींचा प्रश्न सोयीचा नव्हता. सूड नाकारणं म्हणजे काय असतं, हे ते स्वतःच्या देहावर अनुभवून आले होते.

१० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये हे घडलं होतं. नोंदणीच्या प्रश्नावर गांधींनी जनरल स्मट्स यांच्याशी समझोता केला. मीर आलम या त्यांच्या पठाण अशिलाला ती फितुरी वाटली. गांधी नोंदणी कचेरीकडे निघाले असताना मीर आलम आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यात गाठून त्यांच्या डोक्यात लाठ्या घातल्या. ते 'हे राम' म्हणत बेशुद्ध पडले, असं त्यांनीच लिहिलं आहे. ओठ फाटला, दातांना मार बसला, बरगड्या दुखावल्या. त्यांना जोसेफ डोक या पाद्रीबाबांच्या घरी नेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी अधिकाऱ्यांना कळवलं की, या लोकांवर खटला भरू नका. आपण बरोबर करतो आहोत असं त्यांना वाटत होतं, त्यांच्यावर माझा राग नाही. भर रस्त्यात झालेला गुन्हा आहे, तो माफ करायचा अधिकार एकट्या गांधींना नाही, असं गोऱ्या नागरिकांनी म्हटलं आणि मीर आलमला तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढे याच मीर आलमने गांधींशी समेट केला आणि नोंदणीचे दाखले जाळण्याच्या सभेत तो सामील झाला.

तर हे गांधी लंडनमध्ये होते आणि त्यांनी धिंग्रांविषयी 'इंडियन ओपिनियन'मध्ये लिहिलं. लेख कठोर आहे. वायली पाहुणा म्हणून आला होता. बोलावलेल्या माणसाला बेसावध गाठून मारणं हा विश्वासघात, हा त्यांचा पहिला मुद्दा. इंग्रज आणि जर्मन लढले तर रणांगणावर लढतील, घरी भेटायला आलेल्या जर्मनाला इंग्रज गोळी घालणार नाही, हा दुसरा. तिसरा आणि खरा मुद्दा असा की, अशा खुनांनी इंग्रज गेलेच तर त्यांच्या जागी राज्य करतील ते खुनी, आणि खुन्याच्या राज्यात प्रजेला सुख नसतं, मग तो गोरा असो की काळा. खरे दोषी आहेत ते त्या पोराच्या डोक्यात हे विष भरणारे, असंही ते म्हणाले. इथवर मी त्यांच्याबरोबर आहे. पण त्याच लेखनात त्यांनी धिंग्रांच्या कृत्याला भ्याडपणाचं म्हटलं, ते मला पटत नाही. फास गळ्यात पडणार हे पक्कं ठाऊक असताना जो पळून जात नाही, वकील नाकारतो आणि दयेची याचना करत नाही, त्याला भ्याड म्हणण्याने अहिंसेचा मुद्दा बळकट होत नाही. धिंग्रा शूर होते आणि त्यांनी केलं ते चूक होतं. ही दोन्ही विधानं एका श्वासात करता आली पाहिजेत. खुद्द गांधींनी काही महिन्यांनी सूर बदलला आणि धिंग्रांच्या देशप्रेमाला मान देऊन त्यांचा मार्ग आंधळा ठरवला.

लंडनच्या मुक्कामात ते इंडिया हाऊसच्या तरुणांना टाळत बसले नाहीत. २४ ऑक्टोबरला बेजवॉटरमधल्या निजामुद्दीनच्या खाणावळीत विजयादशमीचं भोजन ठरलं. अध्यक्ष म्हणून गांधींना बोलावलं. वादाचं राजकारण बोलायचं नाही या अटीवर ते आले. अट गांधी आणि सावरकर या दोघांनी अक्षरशः पाळली, कारण दोघेही रामायणावर बोलले. गांधींनी रामाच्या वनवासातलं, सीतेच्या आणि लक्ष्मणाच्या वागण्यातलं दुःख सोसण्याचं बळ सांगितलं. सावरकरांनी रावणवधाशिवाय रामराज्य आलं नाही याची आठवण करून दिली. ताटं वाढलेली, समोर सत्तरेक माणसं, आणि हिंदुस्थानच्या पुढच्या चाळीस वर्षांचा वाद कुणाचंही नाव न घेता चाललेला. लंडनमध्ये भेटलेल्या हिंदी लोकांत हिंसेवाचून देश सुटेल असं मानणारा जवळजवळ कुणी नव्हता, असं गांधींनी त्याच महिनाअखेरीस लॉर्ड अँपथिल यांना कळवलं. आपण एकटे पडलो आहोत हे त्यांना उमगलं होतं.

१३ नोव्हेंबरला त्यांनी साउदॅम्प्टनहून 'किल्डोनन कॅसल' ही आगबोट पकडली. ट्रान्सवालचं काम फसलं होतं. त्याच दिवशी अहमदाबादमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्या मिरवणुकीवर बाँब फेकले गेले. मिंटो बचावले. संशयावरून ज्यांना पकडलं त्यांत सावरकर बंधूंपैकी सगळ्यांत धाकटे, एकवीस वर्षांचे नारायणराव होते. बोटीवर गांधी लिहायला बसले ते दहा दिवस उठले नाहीत म्हटलं तरी चालेल. बोटीच्याच छापील कागदांवर, शाईने, गुजरातीत. उजवा हात भरून आला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिलं, आणि चाळीसेक पानं तशी डाव्या हाताची आहेत. २२ तारखेला पुस्तक पुरं झालं, 'हिंद स्वराज्य'.

पुस्तक संवादाच्या रूपात आहे. 'वाचक' प्रश्न विचारतो, 'अधिपती' म्हणजे संपादक उत्तरं देतो. वाचक म्हणजे लंडनमध्ये भेटलेले ते सगळे तरुण. हिंसावादी पंथाला उत्तर म्हणून आपण हे लिहिलं, असं गांधींनी १९२१ मध्ये सांगितलं. माझ्या मते या पुस्तकाचं मोठेपण असं की, वाचकाच्या तोंडी त्यांनी दुबळे मुद्दे घातलेले नाहीत. वाचक रोखठोक विचारतो: मोर्लेसाहेबांनी ज्या सुधारणा दिल्या त्या भीतीपोटीच ना? मग भीती घालण्यात वाईट काय? अधिपती ते नाकारत नाही. भीतीने मिळालेलं भीती असेपर्यंतच टिकतं, एवढंच तो म्हणतो. पुढे तो साधन आणि साध्य यांचं नातं बी आणि झाडासारखं सांगतो. जे पेराल तेच उगवेल. सगळ्यांत उकलून सांगितला आहे तो चोराचा दाखला. घरात चोर शिरला, तुम्ही हत्यार उचललंत, चोराने आणखी चोर जमवले, तुम्ही गाव जमवलंत आणि एका चोरीची दोन टोळ्यांची लढाई झाली. हे वाचलं की १८९७ पासूनची मालिका डोळ्यांपुढून सरकते.

यातलं सगळं पटतंच असं नाही. आगगाड्या, डॉक्टर आणि वकील यांच्यावर गांधींनी जे कोरडे ओढले ते वाचून गोपाळ कृष्ण गोखले यांनी हे पुस्तक कच्चं ठरवलं होतं, आणि हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते फाडून टाकतील असं त्यांना वाटलं होतं. गांधींनी ते कधी फाडलं नाही.

फिनिक्सच्या छापखान्यात 'इंडियन ओपिनियन'च्या ११ आणि १८ डिसेंबरच्या अंकांत मजकूर छापून झाला. दुसरा अंक निघाला त्यानंतर तीनच दिवसांनी नाशिकमध्ये जॅक्सनचा खून झाला.

आर्थर जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. कलेक्टर या नात्याने बाबारावांवरचा खटला उभा करून वर धाडण्यात त्याचा हात होता, पण शिक्षा सुनावली ती सत्र न्यायाधीशाने. जॅक्सनला संस्कृत चांगलं येई, मराठी तो सहज बोले, आणि कोकण-गुजरातमधल्या लोककथा, व्रतं, भुताखेतांच्या समजुती तो जमा करत होता. मरणानंतर तो संग्रह एन्थोवेन यांनी संपादित करून प्रसिद्ध केला आणि लोकसाहित्याचे अभ्यासक आजही तो उघडतात. क्रांतिकारकांना मात्र त्याची ही मिळून-मिसळून वागण्याची रीत ढोंग वाटे. मराठी लेखनात आजवर दोन जॅक्सन भेटतात, एक पंडित आणि एक कावेबाज. मला वाटतं, माणूस म्हणून तो कसाही असो, बाबारावांना काळ्या पाण्यावर धाडणारी यंत्रणा त्याच्या एकट्याच्या हातात नव्हती आणि त्याच्यानंतर ती जराही ढिली झाली नाही.

त्याची बदली मुंबईला झाली होती. निरोपादाखल २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीने देवलांच्या 'संगीत शारदा'चा प्रयोग लावला. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा अठराच्या आसपासचा, औरंगाबादला शिकणारा कोकणातला मुलगा तिथे आला होता. त्याच्याजवळ ब्राउनिंग पिस्तूल होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन या इंडिया हाऊसच्या आचाऱ्याबरोबर ट्रंकेच्या चोरकप्प्यातून जी वीस पिस्तुलं धाडली, त्यांतलं ते एक. जॅक्सन आत येऊन आपल्या खुर्चीकडे निघाला तेव्हा कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो कोसळला. त्या पोराला तिथल्या तिथे धरलं. जीव द्यायचा त्याचा बेत होता, तो साधला नाही.

१९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना फाशी झाली. नाशिक कटात अडतीस जणांवर खटला चालला. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. पिस्तुलांचा माग लागून १३ मार्चला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर विनायक सावरकरांना अटक झाली. मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी घेतलेली उडी फसली, आणि दोन जन्मठेपा मिळून पन्नास वर्षांची शिक्षा त्यांच्या वाट्याला आली. फेब्रुवारी १९१० च्या प्रेस कायद्याने वर्तमानपत्रांचा गळा आवळला. ज्या सूडासाठी जॅक्सन मेला, त्याने बाबारावांची शिक्षा एका दिवसानेही कमी झाली नाही. उलट एका भावाच्या जागी दोघे काळ्या पाण्यावर गेले आणि तिसऱ्यालाही सहा महिन्यांची कैद झाली. नाशिकच्या किती घरांत त्या काळात चुली थंडावल्या असतील, त्याचा हिशेब सरकारी कागदांत नाही.

त्या पेटलेल्या हवेत मार्च १९१० मध्ये सरकारने 'हिंद स्वराज्य'वरही बंदी घातली. एका बाजूला सावरकरांचं १८५७ च्या समरावरचं पुस्तक, तर दुसऱ्या बाजूला हिंसेला उत्तर म्हणून लिहिलेलं हे पुस्तक, दोन्ही जप्त. सरकारला दोन मार्गांतला फरक कळला नाही, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, नीट कळला होता. लोकांनी सहकार्य काढून घेतलं तर राज्य चालणार नाही, हे वाक्य पिस्तुलापेक्षा त्यांना धोक्याचं वाटलं असणार, आणि १९२० नंतर तसंच घडलं.

सूडाच्या बाजूने जो सगळ्यांत वजनदार मुद्दा मांडला जातो, तो असा की, या तरुणांच्या बलिदानाने पुढच्या पिढ्या निर्भय झाल्या. ते मी नाकारत नाही. चापेकरांतून सावरकर पेटले, खुदीराम आणि धिंग्रांतून पुढचे कित्येक. पण हा मुद्दा त्यांच्या मरणाबद्दल आहे, त्यांनी केलेल्या मारण्याबद्दल नाही. लोकांना निर्भय केलं ते त्यांच्या फासावर चढण्याने. आयर्स्टच्या किंवा लालकाकांच्या मरणाने कुणाचं मन मोठं झालं नाही. आणि मरायची तयारी ही गोष्ट धारासन्याच्या मिठागरावर १९३० साली डोकी फोडून घेणाऱ्या सत्याग्रहींपाशीही होती. त्यांनी हात उगारले नाहीत, एवढाच फरक.

मालिका मात्र पुढे चालत राहिली. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या मायकेल ओडवायरला उधमसिंग यांनी १३ मार्च १९४० रोजी गोळी घातली, ती त्याच कॅक्स्टन हॉलमध्ये, जिथे १९०९ ची निषेधसभा भरली होती. उधमसिंगांना फाशी झाली तीही पेन्टनव्हिलमध्येच. बागेत हकनाक गेलेल्या शेकडो माणसांचं दुःख या सूडामागे होतं आणि ज्याने गोळीबाराचं समर्थन केलं तोच मेला. सूडाचा निशाणा क्वचितच इतका अचूक असतो. तरीही एकवीस वर्षांनंतर, साम्राज्य असंही मोडकळीला येत असताना, त्याने काय बदललं, हे सांगणं कठीण जातं.

नारायणराव सावरकरांची गोष्ट राहिली. १९०९ मध्ये पकडलेला हा धाकटा भाऊ पुढे डॉक्टर झाला. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी ज्या माणसाला पत्र लिहून आपल्या दोन भावांच्या सुटकेसाठी सल्ला मागितला, तो म्हणजे गांधी. गांधींनी आठवडाभरात उत्तर दिलं, आणि मे महिन्यात 'यंग इंडिया'त सावरकर बंधूंना सोडावं असा लेख लिहिला. मार्गाबद्दलच्या मतभेदाचं एक अक्षरही मागे न घेता.

३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेने गांधींना गोळ्या घातल्या. त्याने जे कारण सांगितलं तेही सूडाचंच होतं, फाळणीचा दोष एका माणसाच्या माथी मारून घेतलेला सूड. त्याचा सूड मग महाराष्ट्रात उगवला. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, ज्यांचा त्या खुनाशी तिळमात्र संबंध नव्हता अशांची. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटवून दिला गेला. मुंबईत दादरला जमावाने नारायणरावांना दगडांनी ठेचलं. डोक्याला मार बसला, त्यातून ते नीट सावरलेच नाहीत आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये गेले. विनायकराव गांधीहत्येच्या खटल्यातून त्याआधी फेब्रुवारीत निर्दोष सुटले होते. 'हिंद स्वराज्य' लिहिणाऱ्याच्या नावाने हे दगड मारले गेले, ही गोष्ट महाराष्ट्राने अजून पुरेशा गांभीर्याने मनाला लावून घेतलेली नाही.

गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशीची शिक्षा झाली तेव्हा गांधींच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, ती माफ करावी अशी विनंती सरकारला केली. 'हिंद स्वराज्य' छापलं जात होतं त्या डिसेंबरात मणिलाल सतरा वर्षांचे होते, जवळपास अनंत कान्हेरेच्याच वयाचे, आणि नंतरच्या काही आठवड्यांत ट्रान्सवालच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले होते. नेहरू, पटेल आणि राजगोपालाचारी यांनी त्यांची विनंती मानली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी देण्यात आलं.